चाचणीचा आवाज

प्रिय भुंग्या,

हे पत्र तुझ्या हातात पडेल तेव्हा तू मुदतवाढीच्या कागदावर सही केलेली नसावीस, एवढीच माझी इच्छा आहे. केली असशील तर पुढचं वाचून नुसता मनस्ताप होईल, पण तरीही वाच. केली नसशील तर पत्र संपेपर्यंत थांब. एक दिवस उशिरा सही केलीस म्हणून कुणी तुला भिंतीशी उभं करणार नाही.

तुझं मागचं पत्र मी बेकरीच्या मागच्या पायरीवर बसून वाचलं. मुदत संपत आली आहे, बरोबरचे दोघे परतीच्या बोटीची वाट बघताहेत, तुझंही नाव त्या बोटीवर लागू शकतं, आणि तू लिहितोस की रेडिओवर बाबांचा आवाज ऐकला आणि परत यायची लाज वाटली. 'मुला, मला तुझा अभिमान आहे. हाती घेतलेलं काम पुरं करूनच घरी ये.' ते वाक्य तू जसंच्या तसं उतरवून काढलं आहेस आणि खाली रेघ मारली आहेस. तंबूतल्या सगळ्यांनी तुझी पाठ थोपटली म्हणतोस. 'बाबांनी जन्मात पहिल्यांदा माझ्याबद्दल चांगलं काही म्हटलं,' असंही लिहिलं आहेस. ते वाचून मला भरून यायला हवं होतं. मला राग आला, आणि तो अजून गेलेला नाही. तुझा नव्हे. पण ज्यांचा आला त्यांच्यापुढे रागावून काही उपयोग नसतो. ते हसून खुर्ची पुढे करतात.

हे पत्र डाकेने येत नाहीये, हे तुझ्या लक्षात आलं असेल. कोपऱ्यावरच्या औषधवाल्याची धाकटी बहीण तुमच्या बाजूच्या इस्पितळात परिचारिका आहे. ती सुटी संपवून परत निघाली आहे, तिच्या पिशवीतून येतं आहे. ती म्हणाली, "ताई, माझी पिशवी कुणी तपासत नाही, तिला इतका औषधांचा वास येतो." मागची माझी दोन पत्रं तुला मिळाली नाहीत, कारण ती तपासणी कचेरीतून मलाच परत आली. सैनिकाचं मनोधैर्य खचवणारा मजकूर आहे, सुधारून पाठवा, असा शिक्का. सुधारण्यासारखं त्यात काही नव्हतं. मग मी हवापाण्याचं पत्र लिहिलं, ते तुला अगदी वेळेवर मिळालं. तू उत्तरात लिहिलंस की ताई, तुझी पत्रं हल्ली कोरडी असतात. बरोबर आहे तुझं.

इथली लढाई कशी चालली आहे ते आधी सांगते, म्हणजे पुढचं नीट कळेल. बेकरीत आता आठवड्यातले दोनच दिवस पाव भाजायला परवानगी आहे. बाकीचे दिवस तुमची बिस्किटं. तीच, ज्यांच्याबद्दल तू लिहिलं होतंस की दाताने नाही तर संगिनीने फोडावी लागतात. ती आपल्याच भट्टीतली असतील असं समजून माफ कर. पिठाच्या गोण्यांवर 'प्रत्येक घास विजयाचा' असं छापून येतं, आणि गोणी उघडली की आत अर्धा कोंडा. बाबांना त्या बिस्किटांचा तिटकारा होता. त्यात खमीर नाही, फुगणं नाही, काही नाही. पाव झाला की नाही हे बाबा त्याच्या बुडाला टिचकी मारून ओळखायचे, ते तुला ठाऊक आहे. बिस्किटाला पहिल्या दिवशी त्यांनी सवयीने टिचकी मारली आणि बोट झटकत म्हणाले, "हे गवंड्याचं काम आहे, आपलं नाही." तरी एक तबक कधी करपू दिलं नाही. तिकडे पोरं खाणार आहेत, एवढंच म्हणायचे. पोरं म्हणायचे, तुझं नाव घ्यायचे नाहीत.

गल्लीचा उत्साह विचारू नकोस. समोरच्या न्हाव्याने दुकानात जगाचा नकाशा लावला आहे आणि रोज बातम्यांनंतर त्यावरच्या टाचण्या हलवतो. एका हातात वस्तरा, दुसऱ्या हातात टाचणी, आणि मधे कुणाची तरी साबण लावलेली मान. "काल आपण नदी ओलांडली," असं सांगतो, जणू याचेच पाय ओले झाले. बागेचं लोखंडी कुंपण सगळ्यांनी मिळून उपटून दिलं, जहाजांसाठी म्हणे. त्या दिवशी भाषणं झाली, बँड झाला. ते कुंपण अजून क्रीडांगणाच्या मागे पडलेलं आहे, त्यातून गवत वर आलं आहे. मी ते बोलून दाखवलं तर न्हावी म्हणाला, "ताई, अशाने शत्रूचं फावतं." माझ्या बोलण्याने फावण्याइतका शत्रू गरीब असता तर तू केव्हाच घरी आला असतास. मला मात्र इथे फार मान आहे. वीराची बहीण म्हणतात आणि वीराच्या बहिणीने मापापेक्षा एक पाव जास्त द्यावा अशी अपेक्षा ठेवतात.

अशा दिवसांत संदेशवाले आले. रेडिओच्या लोकांना मी असं म्हणते. त्यांच्या कचेरीचं खरं नाव फार लांब आहे. गावोगाव जाऊन सैनिकांच्या घरच्यांचे आवाज तबकडीवर घ्यायचे आणि ते तिकडे तुम्हाला ऐकवायचे, असं त्यांचं काम. प्रत्येक घराला एक संदेश. आई म्हणाली, "मी नाही बोलणार. मी रडेन आणि ते पोरगं तिकडे जेवायचं नाही." मला वाटलं बाबा तर उंबरठाही ओलांडणार नाहीत. तू भट्टी सोडून सैन्यात नाव नोंदवून आलास त्या दिवसापासून त्यांनी तुझ्याबद्दल बोलणं जवळजवळ बंद केलं होतं. तू गेलास तेव्हा ते स्टेशनवर आले नाहीत, हे तू विसरला नसशीलच. पण त्या दिवशी दुपारी त्यांनी हात कोपरापर्यंत घासून धुतले, लग्नाकार्याचा कोट काढला आणि मला म्हणाले, "चल. रस्ता मला माहीत आहे, पण तिथं काय विचारतील ते कळलं नाही तर तू जवळ हवीस."

नगरवाचनालयाच्या मोठ्या खोलीत त्यांनी सगळ्या खिडक्यांना घोंगड्या लावल्या होत्या. टेबलावर मायक्रोफोन, पलीकडे यंत्र आणि त्याच्यापाशी कानाला यंत्राची टोपी लावलेला तंत्रज्ञ. साहेब तरुण होता, गोड बोलणारा. मायक्रोफोनच्या अगदी समोर, चेहऱ्याच्या उंचीवर, एक लाल दिवा बसवलेला. साहेब म्हणाला, "बाबा, तो दिवा लागला की बोलायचं. पण आधी आपण यंत्राची चाचणी घेऊ. हे कार्ड आहे, ते मोठ्याने वाचा. दिव्याकडे बघू नका." कार्डावर चार ओळी होत्या. मुला, मला तुझा अभिमान आहे, वगैरे. बाबांनी चष्मा लावला आणि कार्ड वाचलं. ते कसं वाचलं असेल तुला कळेल. भट्टीची धडधड आणि पीठ मळण्याच्या यंत्राचा खडखडाट यांच्यावरून गडीमाणसांना हाका मारण्यात ज्याचं आयुष्य गेलं, त्याने ते वाचलं. घोंगड्या हलल्या असतील. तंत्रज्ञाने टोपी कानावरून थोडी सरकवली आणि बोटाने छान अशी खूण केली. बाबा मला म्हणाले, "हे मी रेशनच्या दुकानावरची पाटी वाचावी तसं वाचलं, चाललं का?" साहेब म्हणाला, "चाचणीला पुष्कळ झालं."

मग खरं बोलायचं होतं. बाबांनी कार्ड परत दिलं, कोटाची बटणं चाचपली. खोली शांत झाली आणि समोर एकदम लाल दिवा लागला. भुंग्या, तूही भट्टीवर उभा राहिला आहेस. दार उघडलं आणि समोर लाल झालं की आपण काय करतो? एक पाऊल मागे आणि तोंड बाजूला. मी आजही करते, तू तिकडे शेकोटीपुढे करत असशील. बाबांनी तेच केलं. एक पाऊल मागे गेले, मान खांद्याकडे वळवली आणि त्या घोंगडीकडे तोंड करून बोलायला लागले. तेही बेताच्या आवाजात, कारण आता ते तुझ्याशी बोलत होते, गड्यांशी नाही. मी हाताने खूण केली की पुढे व्हा, पण त्यांचं माझ्याकडे लक्ष नव्हतं. तंत्रज्ञ कपाळाला आठ्या घालून बटणं फिरवत होता. दिवा विझल्यावर बाबांनी घाम पुसला आणि म्हणाले, "झालं एकदाचं." साहेब म्हणाला, "फार सुंदर." पुढचं घर दारात उभंच होतं.

संदेश रेडिओवर लागायचा त्या संध्याकाळी सगळी गल्ली न्हाव्याच्या दुकानात जमली, कारण त्याचा रेडिओ मोठा. आणि लागली ती चाचणी. बाबांच्या खणखणीत आवाजात ते कार्ड. लोकांनी टाळ्या वाजवल्या. न्हावी म्हणाला, "बाबा, काय बोललात. अंगावर काटा आला." बाबा म्हणाले, "अहो, ती चाचणी होती. खरं पुढे आहे." पुढे बातम्या सुरू झाल्या. बाबा उभेच राहिले, बराच वेळ. न्हावी त्यांना बसवत म्हणाला, "चाचणीत हे, तर खऱ्यात तुम्ही किल्लाच घेतला असतात." सगळे हसले. बाबाही हसल्यासारखं करून घरी आले आणि जेवताना मला म्हणाले, "हा कोणाचा बाप बोलला?"

त्यानंतर ते संदेशवाल्यांच्या कचेरीत जायला लागले. बिस्किटांची सकाळची खेप निघाली की कोट घालायचा आणि निघायचं. मी दोनदा बरोबर गेले, म्हणून तिथला थाट मी डोळ्यांनी पाहिला आहे. साहेबाने उठून नमस्कार केला, पाणी मागवलं. म्हणाला, "दुसरा भाग आम्ही ऐकला, बाबा. नुसती कुजबुज आहे, त्यात एक शब्द लागत नाही." हे खोटं असेल असं मी म्हणणार नाही. मी तिथे होते, कुजबुजच होती ती. बाबा म्हणाले, "मग परत घ्या. या वेळी मी खिळ्यासारखा उभा राहतो." तर म्हणे प्रत्येक घराला एकच संदेश, तुमचा झाला. "पण ती चाचणी होती." "चाचणी उत्तम झाली, बाबा." पुन्हा गेले तर म्हणे वरिष्ठांकडे पाठवतो. पुन्हा गेले तर वरिष्ठांना ते इतकं आवडलं आहे की आपल्या भागाचा नमुना म्हणून दर पंधरवड्याला लावणार आहेत. जिन्यात बाबा मला म्हणाले, "यांना माझा आवाज पाहिजे होता, मी नको होतो." बाबांनी कधी कुणाबद्दल इतकं लांब वाक्य बोललेलं मी ऐकलं नव्हतं.

तू म्हणशील, पत्र लिहायचं. मीही तेच म्हटलं. पण बाबांची पत्रं नेहमी मीच लिहीत आले. 'बाबा बरे आहेत, तुझी आठवण काढतात' ही माझी भर असायची आणि ते तू ओळखायचास. बाबा म्हणाले, "तुझ्या अक्षरातलं माझं बोलणं त्याला खरं वाटत नाही. आवाजच पाहिजे." तरी शेवटी हट्टाने मी त्यांच्याकडून सगळं वदवून घेतलं आणि पाठवलं. ते पहिलं परत आलेलं पत्र. सैनिकास कर्तव्यापासून परावृत्त करणारा मजकूर, असाही एक शिक्का असतो, हे मला तेव्हा कळलं.

तर आता तो मजकूर. त्या दिवशी मी बाबांच्या पाठीशी हातभर अंतरावर उभी होते. यंत्राला कळलं नाही ते मला सगळं कळलं. वाक्यं मी लावून घेत नाहीये, बाबा अडखळले तिथे मीही अडखळते आहे. म्हणाले, "भुंग्या. ऐकतोस ना. मी त्या दिवशी स्टेशनवर आलो नाही. पीठ फुगून आलंय म्हणून सांगितलं तुझ्या आईला. पीठबीठ काही फुगलं नव्हतं. मी आपला... मागे बसून होतो. तिकडे थंडी आहे म्हणतात. मोजे कोरडे ठेव. काम संपलं की ये. नाही संपलं तरी ये. काम काय, कुणाचंच संपत नाही, मी बघतोय ना इतकी वर्षं. आणि आलास की भट्टीवरच उभं राहिलं पाहिजे असं काही नाही. नुसता ये." मग "काय खातोस रे तिकडे," असं विचारलं, जणू तू उत्तर देणार होतास. तेवढ्यात दिवा विझला.

अभिमान हा शब्द त्यात नव्हता. मी तो इथे घुसडू शकले असते, तू जन्मभर त्याच्यासाठी झुरलास हे मला माहीत आहे, आणि तो शब्द तुझ्याकडून काढून घेताना माझा हात जड झाला आहे. म्हणून हे पत्र मी इतके दिवस लांबवलं. पण तो शब्द बाबांचा नाही. कुठल्याशा कचेरीत, आपल्याला कधी न पाहिलेल्या माणसाने तो लिहिला, आणि तेच कार्ड त्या दिवशी शिंप्याच्या विधवेनेही वाचलं, फक्त तिला ते इतक्या मोठ्याने जमलं नाही. त्या शब्दापायी तू आणखी दोन हिवाळे चिखलात काढणार असशील, किंवा कायमचाच तिकडे राहणार असशील, तर मला इथे तोंडात मूग धरून बसता येणार नाही. बाबांनी स्वतः जे दिलं ते कमी आहे असं तुला वाटलं, तर एकदा परत वाच. मला ते कमी वाटत नाही. मी त्यांच्याजवळ सगळं आयुष्य काढलं, मला कधी कुणी 'नुसती ये' म्हटलं नाही.

आता दुसऱ्या परत आलेल्या पत्रातलं ते एक वाक्य, ज्यासाठी ही पिशवीची खटपट. भुंग्या, बाबा गेले. थंडी सुरू झाली तेव्हा छातीत कफ झाला, तशातही दोन खेपा भाजल्या, मग अंथरुणाला लागले ते उठले नाहीत. फार हाल झाले नाहीत. आम्ही दोघी जवळ होतो. तू लिहिलेल्या तारखेला तू त्यांचा आवाज ऐकलास, तेव्हा त्यांना जाऊन महिना उलटला होता. अशी बातमी घरच्यांनी कळवायची नसते, तुमचा वरचा अधिकारी ती योग्य वेळी देतो, असा नियम आहे. योग्य वेळ म्हणजे बहुतेक तुझी सही झाल्यानंतरची. मी साहेबाकडे गेले, तबकडी बंद करा म्हटलं. तो उठून उभा राहिला, दोन मिनिटं मान खाली घातली, आणि म्हणाला की बाबांच्या आवाजाने किती घरांना धीर येतो, माणूस गेल्यावर संदेश काढून टाकायचा असा काही नियम नाही. मी भांडणार होते. पण आई म्हणाली, "राहू दे. कार्ड वाचत का होईना, पंधरा दिवसांनी घरात त्यांचा आवाज येतो." मग मी कचेरीत परत गेले नाही. ती दारं लावून घेऊन ऐकते. म्हणजे तो आवाज तुलाही पुन्हा ऐकू येईल, तितकाच खणखणीत, आणि तंबूत पुन्हा कुणीतरी तुझी पाठ थोपटेल. सही करायची की नाही ते तू ठरव. तिथे तुझे सोबती आहेत, तुझी तुझी कारणं असतील, ती मला इथून दिसत नाहीत आणि मी न्हाव्यासारखी टाचण्या हलवणार नाही. पण बाबांना बरं वाटावं म्हणून करू नकोस. त्यांना आता काही वाटत नाही. जे वाटत होतं, ते मी वर लिहिलं आहे.

तुझीच, रागावलेली आणि वाट बघणारी,
ताई